डॉक्टर एवढे प्रश्न का विचारतात?

घरातील कोणाबरोबर तरी तुम्ही दवाखान्यात गेला असालच. डॉक्टर नाडी पाहतात, छातीला नळी लावतात आणि मग त्यांचे प्रश्न सुरू होतात. त्रास कधीपासून आहे? काम काय करता? तंबाखू, मिश्री काही? आधीच्या गोळ्या संपवल्या का? रोग्याला वाटते, औषध द्यायचे सोडून ही उलटतपासणी कशाला? मग तो एखादी गोष्ट गाळतो, एखादीला उगीच 'हो' म्हणतो. या छोट्याशा खोट्याने काय बिघडते, ते आज पाहू.

आधी एक हिशेब पाहा. १९७५ साली इंग्लंडमधील काही डॉक्टरांनी रुग्णालयात प्रथमच आलेल्या ८० रोग्यांची नोंद ठेवली. निदान नेमके कशामुळे झाले, हे त्यांना पाहायचे होते. घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रोग्याची हकिगत ऐकून त्यांनी जे निदान केले, तेच ६६ जणांच्या बाबतीत शेवटी बरोबर ठरले. अंग तपासल्यामुळे निदान बदलले ते फक्त ७ जणांचे आणि प्रयोगशाळेतील तपासण्यांमुळे आणखी ७ जणांचे. म्हणजे रोग ओळखण्याचे सर्वांत मोठे साधन रोग्याच्याच तोंडात असते! पण हकिगत खरी असेल तरच ते चालते.

असे का व्हावे? कारण काही गोष्टी कोणत्याच यंत्राला दिसत नाहीत. सोलापूरचेच उदाहरण घेऊ. येथे १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. पुढे मोठ्या गिरण्या बंद पडल्या, पण चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट अजून ऐकू येतो. कापूस पिंजताना आणि सूत कातताना बारीक धूळ उडते. वर्षानुवर्षे ती श्वासाबरोबर आत गेली, तर काही कामगारांना 'बिसिनोसिस' नावाचा फुप्फुसांचा रोग जडतो. श्वासनलिका आकसतात, छाती आवळल्यासारखी होते. सुरुवातीला क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही. मग डॉक्टरांनी हा रोग ओळखायचा कसा?

त्याची खूण मोठी गमतीची आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामगार खात्यात परततो, त्या पहिल्या दिवशी त्रास सर्वांत जास्त होतो आणि पुढच्या दिवसांत तो कमी होत जातो. ही खूण छातीत नसते, ती असते आठवड्याच्या वेळापत्रकात! "काम काय करता?" आणि "कोणत्या दिवशी जास्त दम लागतो?" या दोन प्रश्नांची खरी उत्तरे मिळाली, तरच ती सापडते. कामावरून काढतील या भीतीने कामगार गप्प राहिला, तर त्याला साध्या दम्याचे औषध मिळते, तो पुन्हा त्याच धुळीत जातो आणि काही वर्षांनी हा त्रास कायमचा होऊन बसतो. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा जरूर विचारा, असे त्यांनी वैद्यांना तेव्हाच बजावले होते.

आता तुमच्या वयाकडे वळू. गल्लीत खेळताना कुत्र्याने पोटरीला दात लावला. घरी सांगितले तर बोलणी बसतील, म्हणून मुलगा म्हणतो, "तार लागली." जखम तर चिमुकली! पण कुत्रे पिसाळलेले असेल, तर त्याच्या लाळेतील रेबीजचे विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतात आणि हळूहळू मेंदूकडे सरकू लागतात. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. त्या काळात मूल हसते, खेळते. विषाणू अंगात शिरला आहे की नाही, हे सांगणारी चाचणीही नाही. लस वेळेवर टोचली, तर विषाणू मेंदूत पोहोचण्याआधीच शरीर त्याला रोखण्याची तयारी करते. एकदा का लक्षणे दिसली, की मग जवळजवळ काहीच उपाय चालत नाही. म्हणून चावा असो वा ओरखडा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी खरे कारण सांगा. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. बोलणी एका दिवसात विसरली जातात!

तिसरे उदाहरण क्षयाचे. यावरचे औषध कित्येक महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि रोगी गोळ्या सोडतो. डॉक्टरांनी विचारले, की म्हणतो, "घेतो ना रोज!" पुढे रोग उलटला, की औषध या जंतूंवर चालत नाही, असा डॉक्टरांचा समज होऊ शकतो. अर्धवट औषधातून वाचलेले चिवट जंतूही वाढतात आणि तेच घरातल्यांना लागतात. यातील रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते, त्यावरून एखादे वेळी चोरी पकडली जाते. पण बहुतेक गोळ्या अशी साक्ष देत नाहीत.

तुम्ही म्हणाल, भीतीचे ठीक आहे, पण लाज वाटते त्याचे काय? हा प्रश्न खरा आहे. आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला १८८३ साली अमेरिकेत गेल्या, त्याचे कारणच हे होते. आपल्याकडील बायका पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे सांगत नाहीत, एक वेळ मरण पत्करतात, हे त्यांनी पाहिले होते. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. आज मुलींना महिला डॉक्टरांकडे जाता येते. तशी इच्छा निःसंकोच सांगावी. तसेच, रोग्याचे गुपित फोडू नये, असे बंधन डॉक्टरांवर आहे. भारतात ते २००२ सालच्या नियमांत लिहिलेले आहे. न्यायालयाचा आदेश, दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका किंवा शासनाला कळवावे लागणारे रोग, एवढेच त्याला अपवाद आहेत. डॉक्टरांनी अशी दुखणी शेकड्यांनी पाहिलेली असतात. तुम्हाला जे लाजिरवाणे वाटते, ती त्यांच्या दृष्टीने नुसती एक खूण असते.

तर मग एक कृती करा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाण्यापूर्वी कागदावर पाच ओळी लिहा : त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, कोणती औषधे घेतली आणि कोणती चुकवली, कोणत्या औषधाने पूर्वी अपाय झाला आणि सांगायला संकोच वाटतो अशी गोष्ट कोणती. पाचवी ओळ तोंडाने सांगवत नसेल, तर कागदच डॉक्टरांच्या हाती द्या. घरी आजोबा असतील, तर त्यांनाही असा कागद करून द्या. चुकवलेल्या गोळ्यांची ओळ मात्र त्यांच्याकडून खरी लिहून घ्या!