शाकारणीच्या रिपा : आधी कौल मोजा, मग लाकूड घ्या

पावसाआधी शाकारणी काढणार असाल तर एवढं वाचून घ्या.

रिपेला साग परवडला तर उत्तमच. ऐन, किंजळही चांगले टिकतात, पण गाभ्याचंच लाकूड घ्या. कडेचा पांढरा भाग स्वस्त पडतो, मात्र भुंगा आधी त्यालाच लागतो आणि कौलाखालून पीठ गळायला लागतं. ओली रीप घेऊच नका. वाळताना ती पिळते, कौल उचललं जातं आणि नेमकं तिथंच गळतं. (घरचं झाड तोडायचं तर आधी वनखात्याची परवानगी.)

*दोन रिपांतलं अंतर मिस्त्रींच्या अंदाजावर सोडू नका.* मंगळुरी कौलाला साधारण साडेबारा इंच धरतात, पण कारखाना बदलला की माप थोडं बदलतं. तुमचीच सहा कौलं उभ्या ओळीत एकात एक बसवा. पहिल्याच्या दातापासून सहाव्याच्या दातापर्यंत मोजा, पाचाने भागा. तेच तुमचं अंतर.

वळचणीची पहिली रीप कौलाच्या जाडीएवढी उंच हवी, नाहीतर पहिली ओळ खाली झुकते. जोड वाशावरच घ्या. एक इंची रिपेला अडीच इंची खिळा.

२०२० च्या निसर्ग वादळात किती कौलं उडाली ते आठवा. वळचणीच्या दोन ओळी तारेने रिपेला बांधाच. कौलाखालचं भोक त्यासाठीच असतं.

रिपा ठोकण्याआधी काजूच्या टरफलाचं तेल लावायची आपली जुनी पद्धत चांगली आहे. पण हातमोजे घालूनच, कातडी भाजते.