दारापर्यंत जाणारी सेवा

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यांत, समुद्रकांठीं, राजोडी नांवाचें गांव आहे. पश्चिमेस सुरूचीं झाडें व वाळूचा लांब किनारा, आंत वाड्या, विहिरी आणि बावखलें, म्हणजे बागायतीसाठीं खणलेलीं गोड्या पाण्याचीं तळीं, असा ह्या पट्ट्याचा तोंडवळा आहे. आसपासच्या घरांतून सामवेदी, वाडवळी अशा बोली ऐकूं येतात. तथापि सरकारी कागदांत राजोडी आज खेडें नाहीं, शहर आहे. ३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा आणि भोंवतालचीं ५३ गांवें एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तींत राजोडी गेली. २०११ च्या जनगणनेंत ह्या शहराची वस्ती १२ लाखांहून अधिक भरली.

ह्या समावेशास अनेक गांवांनीं कडाडून विरोध केला. २०११ मध्यें राज्य सरकारनें २९ गांवें वगळण्याची अधिसूचना काढली, प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, तेथें वर्षानुवर्षें राहिलें, आणि अखेर २०२४ मध्यें सरकारनें तीं गांवें महानगरपालिकेंतच ठेवण्याचें ठरविलें. त्या वादाचा निवाडा करणें हा आपल्या आजच्या पाठाचा विषय नव्हे. गांव शहरांत गेलें म्हणजे गरिबाच्या दाराशीं सरकार कोणाच्या पायांनीं चालत येतें, एवढाच प्रश्न आपण अभ्यासासाठीं घेऊं. नगरपालिकेंत किंवा पंचायतींत लोकसेवेचें काम पत्करूं पाहणारे तरुण व तरुणी आपल्या मंडळ्यांतून आहेत. त्यांनीं हा पाठ विशेष लक्षपूर्वक वाचावा.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, खेड्याचा रहिवासी व शहराचा रहिवासी ह्यांचा कारभाराशीं असलेला संबंध एकसारखा नाहीं. २४ एप्रिल १९९३ रोजीं अंमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस घटनेंत स्थान दिलें. गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव आहे तो प्रत्येक मनुष्य ग्रामसभेचा सभासद असतो. त्यास कोणी निवडून द्यावें लागत नाहीं. वर्षांतून किमान चार सभा भरविणें महाराष्ट्रांत बंधनकारक आहे. त्याच वर्षीं १ जून रोजीं ७४ वी दुरुस्ती अंमलांत आली, ती शहरांसाठीं. तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या असाव्या असें तिनें सांगितलें, परंतु त्या समित्यांवर बसतात ते मुख्यतः नगरसेवक. सामान्य रहिवाशास उभें राहून "माझ्या शेजारणीचें नांव यादींत कां नाहीं?" असें विचारण्याची हक्काची सभा शहरांत उरत नाहीं. वसई-विरारमध्यें तर २०२० सालीं सभागृहाची मुदत संपल्यावर कित्येक वर्षें नगरसेवकही नव्हते; प्रशासकच कारभार पाहात होते.

शिवाय कचेऱ्या एका जागीं नाहींत. महानगरपालिकेचें मुख्यालय विरारास, तहसीलदार वसईस, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं जिल्हा निराळा झाल्यापासून जिल्हाधिकारी पालघरास. कोणत्या कामास कोणत्या गांवीं जावें हें शिकल्या-सवरलेल्या माणसासही चटकन् सांगतां येत नाहीं. तलाठ्याचें नांव २०२४ मध्यें बदलून ग्राम महसूल अधिकारी झालें, त्यानें हा गोंधळ कमी झाला असें वाटत नाहीं. लोकांच्या तोंडीं तो अजून तलाठीच आहे.

आतां एक उदाहरण घेऊं. एखाद्या घरांतील कर्ता पुरुष घरींच वारला असें धरा. रुग्णालयांत मरण आलें असतें तर त्याची वर्दी रुग्णालयानें दिली असती. घरच्या मरणाची वर्दी घरच्यांनींच द्यावयाची असते. १९६९ च्या जन्म व मृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें २१ दिवसांच्या आंत कळविल्यास नोंद विनामूल्य होते. त्यापुढें ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क लागतें. महिना उलटला कीं वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलें कीं दंडाधिकाऱ्याचा हुकूम. पण शोकांत बुडालेल्या घरांतून पहिल्या तीन आठवड्यांत कचेरींत कोण जाणार? विधवा घराबाहेर पडत नाहीं, मुलें लहान आहेत, दीर कामावर जातो, आणि कागदाची आठवण कोणास होत नाहीं. पुढें बँकेंत, रेशनच्या दुकानांत, सातबाऱ्यावर वारस लावण्यास, जेथें जावें तेथें मृत्यूचा दाखला मागितला जातो, आणि मग वर्ष उलटून गेल्याचें कळतें. ह्या एकवीस दिवसांत जो सेवक त्या दारीं जाऊन शांतपणें वर्दीचा कागद भरून घेतो, त्यानें त्या बाईची पुढल्या अनेक महिन्यांची पायपीट वांचविली. त्याकरितां त्यास फार मोठी विद्या लागत नाहीं. अमक्या घरीं मरण झालें ही बातमी वेळेवर कानीं पडावी लागते. ती बातमी कचेरींत बसून कधींच येत नाहीं.

दाखला हातीं आला म्हणजे पुढील वाट मोकळी होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील १८ ते ५९ वर्षांचा कमावता माणूस वारल्यास केंद्र सरकारच्या कुटुंबसाहाय्य योजनेंतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. निराधार विधवेस संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतून दरमहा अनुदान मिळतें. २०२३ मध्यें तें वाढवून १,५०० रुपये करण्यांत आलें. ही योजना महाराष्ट्रांत १९८० पासून चालू आहे व तिचा अर्ज तहसील कचेरींत जातो. तींतील एक अट मात्र प्रत्येक सेवकानें नीट समजून घ्यावी, कारण तेथें त्याच्या सचोटीची परीक्षा होते. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असावें अशी ती अट आहे. भागाकार करून पाहा: दिवसाला अठ्ठावन्न रुपयांहूनही कमी, आणि तेही सगळ्या घरास मिळून. आजच्या महागाईंत एवढ्यावर कोणतें घर चालतें? प्रामाणिकपणें दोन घरचीं भांडीं घासणारी विधवाही ह्या मापांत बसणार नाहीं. ही मर्यादा केव्हांच वाढावयास हवी होती, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अशा वेळीं "बाई, वीस हजार लिहा, कोणी विचारत नाहीं" असें सांगणारे पुष्कळ भेटतात. चांगल्या सेवकानें तसें सांगूं नये. पुढें तपासणी झाली तर तो दुसऱ्या दारीं गेलेला असतो, आणि खोट्या कागदाखालीं अंगठा असतो त्या बाईचा. त्यानें खरें उत्पन्न विचारावें, नियमित मिळकत कोणती व कधींमधीं मिळणारी मजुरी कोणती हें वेगळें करावें, आणि घरांत कोणी दिव्यांग आहे काय, हेंही पाहावें. कारण दिव्यांगांसाठीं उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. कित्येकदां विधवेच्या अर्जाच्या नादांत त्याच घरांतील मुक्या मुलाचा अर्ज राहून जातो. आणि कोणत्याही योजनेंत ती बसत नसेल तर तेंही तिला तोंडावर, आदरानें सांगावें. सहा महिने आशेवर झुलवीत ठेवण्यापेक्षां एक स्पष्ट नकार पुष्कळ बरा.

हें दारोदार जाण्याचें काम आज कोण करितें? २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत ३३ ठिकाणीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हांपासून अंगणवाडी सेविका आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानें आशा कार्यकर्ती दिली. शहरांत २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानांतून समूह संघटक नेमले गेले. दहा ते वीस बायकांचा एक बचत गट, अशा गटांचा वस्तीस्तर संघ, आणि त्यांवर शहरस्तर संघ, अशी उतरंड त्यांनीं रचावयाची असते. किनाऱ्यावरच्या मासळी विकणाऱ्या व वाडीचा भाजीपाला घेऊन बाजारांत बसणाऱ्या बायकांशीं ह्या संघटकाचा निकटचा संबंध येतो. २०१४ मध्यें पथविक्रेत्यांचा कायदा झाला, व २०२० मध्यें केंद्र सरकारनें विक्रेत्यांस तारणावांचून प्रथम १०,००० रुपये कर्ज देण्याची स्वनिधि योजना काढली. २०२५ मध्यें ती पहिली रक्कम १५,००० झाली. त्यासाठीं पालिकेच्या पाहणींत नांव असावें लागतें, नाहींतर पालिकेचें शिफारसपत्र लागतें. परंतु पाहणी करणारा भर दुपारीं गांवांत आला तर त्याला घरोघर कुलुपें किंवा म्हाताऱ्या भेटणार. कारण जिची पाहणी करावयाची ती बाई टोपली घेऊन पहांटेच निघून गेलेली असते. तो आपल्या वहींत "घर बंद" असें लिहितो, आणि तिचें नांव राहतें. ज्याला हें काम करावयाचें आहे त्यानें आपली वेळ गिऱ्हाइकांच्या वेळेप्रमाणें नव्हे, विकणारणीच्या वेळेप्रमाणें ठरवावी.

ही रीत कांहीं आजची नव्हे. जर्मनींतील एल्बरफेल्ड नांवाच्या गिरण्यांच्या गांवीं १८५३ मध्यें नगरपालिकेनें गरिबांच्या साहाय्याची व्यवस्था नव्यानें बांधली. गांवाचे लहान लहान भाग पाडले, प्रत्येक भागास तेथलाच एक नागरिक विनावेतन नेमला, आणि एका माणसाकडे चार कुटुंबांहून अधिक द्यावयाचीं नाहींत असा दंडक घातला. मदत एका वेळीं दोन आठवड्यांपुरतीच मंजूर होई, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा त्या घरीं जावेंच लागे. पुढें जर्मनींतील अनेक शहरांनीं ती पद्धति उचलली. तिचा हेतु थोडा खर्च वांचविण्याचाही होता, हें सांगितलें पाहिजे. परंतु चाराचा तो आंकडा विचार करण्यासारखा आहे. आपल्याकडे एका सेवकाच्या वांट्यास शेंकडों घरें येतात, आणि मग भेट म्हणजे सहीपुरती भेट होते.

आपल्या मुंबईंतही ह्या कामाचें एक मूळ आहे, आणि तें अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासांतच सांपडतें. १९२७ मध्यें नागपाडा येथें नेबरहूड हाउस उघडण्यांत आलें. त्याचे चालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे होते. तो भाग मुसलमान, यहुदी, हिंदु, ख्रिस्ती अशा दाट मिश्र वस्तीचा. तेथें आरोग्य, शिक्षण, खेळ अशीं शेजाराचीं कामें चालत. अशा कामास केवळ सद्भावना पुरत नाहीं, शिक्षण लागतें, हा विचार पुढें येऊन १९३६ मध्यें दोराबजी टाटा यांच्या नांवाच्या न्यासाच्या साहाय्यानें त्याच इमारतींत समाजकार्याचें महाविद्यालय सुरू झालें. हिंदुस्थानांतील तें पहिलेंच. मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, जी १९५४ मध्यें देवनारास गेली.

शिक्षणांत पहिली गोष्ट भाषेची. कचेरीचें मराठी हें राजोडीच्या आजीस जवळजवळ परकें आहे. "उत्पन्नाचा स्वयंघोषित तपशील सादर करावा" असें म्हटलें तर ती मान डोलावील व कांहीं सादर करणार नाहीं. तिच्या बोलींत, "वाडींतून काय येतें, लेक किती देतो," असें विचारावें. "लाभार्थी" हा शब्द तर तिच्यासमोर न वापरलेलाच बरा. त्यांत लाभाकरितां आलेल्या याचकाचा वास येतो. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें "पात्र व्यक्ति" असा शब्द योजिला आहे, तो अधिक योग्य आहे. ह्याच कायद्याप्रमाणें अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच मिळाली पाहिजे, सेवा ठरलेल्या मुदतींत दिली पाहिजे, न दिल्यास अपील करितां येतें, आणि विनाकारण विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊं शकतो. पोच घेतल्यावांचून खिडकी सोडूं नये, हें त्या बाईस दहा वेळां सांगावें लागलें तरी सांगावें. पोच नसेल तर अर्ज केलाच नव्हता असें होतें.

सेवकाच्या स्वतःच्या पोटाचाही विचार ह्या पाठांत आला पाहिजे. ह्या कामांतील पुष्कळजण कंत्राटी आहेत. अंगणवाडी सेविकेस व आशेस वेतन नव्हे, मानधन मिळतें. शब्द गोड, रक्कम थोडी. २५ एप्रिल २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अंगणवाडी सेविका व मदतनीस ह्यांस उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. तोंपर्यंत आयुष्यभर सेवा करून रिकाम्या हातीं घरीं जाणाऱ्या बायका थोड्या नव्हत्या. जी दुसऱ्यांचीं अनुदानें मिळवून देते तिच्याच मानधनाची तारीख चुकते, तेव्हां गांवानें ती गोष्ट तिची खाजगी अडचण समजूं नये.

शेवटीं वहीविषयीं. सेवकानें प्रत्येक घरामागें तीन तारखा लिहाव्या: भेटीची, अर्जाच्या पोचेची, आणि पैसा प्रत्यक्ष हातीं पडल्याची. तिसरी तारीख बहुधा कोणी लिहीत नाहीं, कारण कचेरीच्या हिशेबीं मंजुरी झाली कीं काम संपतें. परंतु आतां अनुदान थेट बँकेच्या खात्यांत जातें. आधार जोडलेलें नसलें किंवा वर्षाचा हयातीचा दाखला दिला नाहीं तर तें मध्येंच थांबतें, आणि बाईस वाटतें कीं सरकारनें बंद केलें. म्हणून मंजुरीनंतर दोन महिन्यांनीं एकदां पुन्हा त्या घरीं जावें, तिचें पासबुक उघडून पाहावें, आणि तेथें रक्कम नसेल तर त्याच दिवशीं तिला बरोबर घेऊन बँकेंत जावें.