संगणकाच्या स्मृतीतील पानांचे स्थलांतर : एक परिचय

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाच्या अंतरंगाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु जे यंत्र आज आपल्या मुलांच्या हाती आले आहे, ते केवळ चालवता येणे पुरेसे नाही. ते आतून कसे चालते हे जाणणे हाही विद्येचाच भाग होय. म्हणून लिनक्स या कार्यप्रणालीतील एक मूलभूत प्रश्न येथे समजून घेऊ.

कार्यप्रणालीच्या गाभ्याला ‘कर्नेल’ म्हणतात. रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती, कर्नेल समान आकाराच्या लहान भागांत वाटून वापरतो. बहुतेक संगणकांत असा एक भाग ४०९६ बाइटांचा असतो; त्यास ‘पान’ म्हणतात. कोणत्याही प्रोग्रामला आपल्या पानाची रॅममधील खरी जागा ठाऊक नसते. त्याच्याजवळ असतो तो आभासी पत्ता. त्या पत्त्याची खरी जागा कोणती, याची नोंद कर्नेलच्या तक्त्यात असते. वसतिगृहात मुलाला भेटायला आलेले पालक आधी गृहपालांकडे जातात आणि गृहपाल नोंदवही पाहून खोली सांगतात, तसेच हे आहे. मुलाची खोली बदलली आणि नोंदही बदलली, तर पालक चुकत नाहीत.

पाने हलवावी लागतात, याची दोन प्रमुख कारणे आहेत. मोठ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरच्या निकटची रॅम वेगळी असते आणि दूरच्या रॅमपर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून पान त्याच्या वापरकर्त्या प्रोसेसरजवळ नेणे हिताचे ठरते. लिनक्समध्ये ही सोय २००६ साली, २.६.१६ या आवृत्तीत आली. दुसरे कारण विखुरलेपणाचे. २ मेगाबाइटांचे एक मोठे पान हवे असेल, तर ५१२ लहान पानांची सलग जागा रिकामी लागते. एकूण मोकळी जागा भरपूर असूनही ती विखुरलेली असेल, तर उपयोग नाही. भरलेली पाने एका बाजूस सरकवून सलग जागा काढण्याची रीत २०१० साली, २.६.३५ या आवृत्तीत समाविष्ट झाली.

मजकुराची नक्कल करणे हा यातील सोपा भाग. अवघड काम आहे ते त्या पानाचा पत्ता धरून बसलेल्या प्रत्येकाला शोधण्याचे. कर्नेल प्रथम पानाला कुलूप लावतो. मग ज्या ज्या तक्त्यांत त्याची नोंद आहे, तेथे ‘स्थलांतर चालू’ अशी खूण ठेवतो. या काळात कोणी प्रोग्राम त्या पानाकडे वळला, तर त्याला थांबावे लागते. पान किती जणांनी धरले आहे, याचीही मोजणी असते. ती अपेक्षेहून अधिक भरली, तर कोणीतरी अज्ञात धारक उरला आहे असे समजून कर्नेल माघार घेतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. ही दक्षता सुटली तर जुन्या जागी लिहिलेले शब्द दुसऱ्याच कोणाच्या पानावर उमटतील.

काही पाने मात्र हलतच नाहीत. नेटवर्क कार्डासारखी उपकरणे प्रोसेसरला वळसा घालून थेट रॅमच्या खऱ्या जागेवर लिहितात. त्यांचे काम संपेपर्यंत ते पान खिळलेले राहते. पालकांनी नोंदवही न पाहता खोलीचा क्रमांकच चिठ्ठीवर लिहून ठेवावा, तसा हा प्रकार. असे एकच पान मध्ये आले, तरी ५१२ पानांची सलग जागा मिळत नाही. म्हणून हलणारी आणि न हलणारी पाने शक्यतो वेगवेगळ्या विभागांत ठेवली जातात.

फाइलींच्या पानांबाबत गुंता अधिक वाढतो. डिस्कवरील फाइलीचे जे भाग रॅममध्ये असतात, त्यांना फाइलसिस्टीम स्वतःच्या नोंदी जोडते : हे पान डिस्कवरील कोणत्या खंडांचे, त्यात न साठवलेला बदल आहे काय, इत्यादी. त्या नोंदी कर्नेलच्या सर्वसाधारण यंत्रणेला उलगडत नाहीत. म्हणून पान हलवण्याची रीत फाइलसिस्टीमनेच पुरवावी लागते. शिवाय येथे कोंडीचा धोका असतो. फाइलसिस्टीम काही कुलपे धरून नव्या स्मृतीची वाट पाहत असते आणि ती स्मृती मोकळी करणारा भाग नेमक्या त्याच कुलपांसाठी थांबतो. दोघेही थांबले की संगणक थिजतो. म्हणून अशा प्रसंगी कर्नेल वाट न पाहता ते पान सोडून पुढे जातो.

सारांश, जो नोंदवहीमार्फत येतो त्याच्यासाठी स्थलांतर सुकर. जो खरी जागा थेट धरून बसतो तो ते रोखतो.

१९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. त्याची मूळ संहिता जगातील कोणालाही वाचता येते. तेथे जात, कूळ वा पदवी विचारली जात नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांनी या खुल्या दाराचे मोल ओळखले पाहिजे. कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. हा लेखही त्यास अपवाद नाही. लिनक्सच्या संहितेत ‘एमएम’ या विभागात ‘मायग्रेट डॉट सी’ नावाची फाइल आहे. ती उघडावी, न कळलेले विचारावे आणि येथे लिहिलेले पडताळून पाहावे.