भाच्याचं स्टार्टअप आणि मामांचा पीएफ

प्रश्न : मी हैदराबादच्या बरकतपुऱ्यात राहतो, नुकताच निवृत्त झालो आहे. भाच्याने चांगली नोकरी सोडून स्टार्टअप काढलंय. कल्पना काय ते सांगत नाही, कुणी चोरेल म्हणतो. कंपनी तोट्यात आहे, तरी तिची किंमत चार कोटी असल्याचं सांगतो आणि माझ्याकडे पाच लाख मागतो. साधं दुकान आणि स्टार्टअप यांत फरक काय? तोट्यातल्या कंपनीला किंमत कशी येते? पैसे द्यावेत का?

उत्तर : माल दिसत नाही, नफा दिसत नाही आणि आकडा मात्र कोटींचा, म्हटल्यावर मामांनी बुचकळ्यात पडणं स्वाभाविकच आहे. दुकानापासून सुरुवात करू.

पुण्यात कैलास काटकर यांचं कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी ते काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. आता हिशेब पाहा. एका यंत्राच्या दुरुस्तीला कारागिराचे दोन तास लागत असतील, तर दहा यंत्रांना वीस तास लागणार. प्रोग्रॅम एकदा लिहून झाला की त्याची हजारावी प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. त्यातूनच ‘क्विक हील’ उभी राहिली आणि २०१६ साली शेअर बाजारात आली. खर्च त्याच प्रमाणात न वाढता गिऱ्हाईक भराभर वाढेल, या बेताने काढलेली नवी कंपनी म्हणजे स्टार्टअप. म्हणून दुकान कमी प्रतीचं ठरत नाही. सुलतान बाजारातली कितीतरी दुकानं तुमच्या भाच्यापेक्षा आज जास्त कमावत असतील. सरकारी व्याख्या आणखी कोरडी आहे. २०१९ च्या अधिसूचनेत कंपनी दहा वर्षांच्या आतली हवी, उलाढाल १०० कोटींच्या वर गेलेली नको आणि कामात काही नावीन्य किंवा मोठ्या वाढीची क्षमता हवी, अशा अटी होत्या.

कल्पना चोरीला जाण्याची भीती मात्र बहुतेक वेळा फुकाची असते. तुमच्या गावाशी जोडलेलंच उदाहरण घ्या. २००५ च्या दिवाळीत फणींद्र सामा या बेंगळुरूतल्या तरुण इंजिनिअरला हैदराबादकडे यायला बसचं तिकीट मिळालं नाही. त्या काळी खासगी बसच्या जागा एजंटांमध्ये वाटलेल्या असत. आपल्या वाट्याच्या जागा संपल्या की एजंट बसमालकाला फोन लावी. फोन लागला नाही तर ‘गाडी फुल’ म्हणून मोकळा होई. दुसऱ्या एजंटाकडे त्याच गाडीतल्या जागा शिल्लक असायच्या. गाडी त्या रिकाम्याच घेऊन निघायची आणि प्रवासी पिशवी घेऊन रस्त्यावर उभा. जागा असूनही ती कुठे आहे हे कुणालाच एका नजरेत कळत नव्हतं. जागांचा एकच तक्ता वेबवर टाकला की एजंट, मालक आणि प्रवासी तिघांनाही तो दिसतो. वेबचं मोठेपण इतक्या साध्या गोष्टीत आहे.

तिकिटावाचून दिवाळी हुकलेले लोक हजारो असतील, आणि ‘हे संगणकावर का नाही?’ असं त्यातल्या शेकडोंच्या मनात आलं असेल. सामा आणि त्यांचे दोन मित्र मात्र बसमालकांच्या दारी गेले. त्यांची मूळ योजना मालकांना सॉफ्टवेअर देण्याची होती. ते घ्यायला मालक तयार होईनात. तेव्हा तिघांनी स्वतःच तिकिटं विकायला घेतली आणि २००६ मध्ये ‘रेडबस’ सुरू झाली. म्हणजे पहिली कल्पना कुणी चोरली असती, तर चोराच्या हाती न खपणारा मालच लागला असता! शहाणपण आलं ते नकार पचवताना. २०१३ साली ती कंपनी इबिबो समूहाने विकत घेतली.

आता चार कोटींचं कोडं. समजा कुणी भाच्याच्या कंपनीत वीस लाख घातले आणि बदल्यात पाच टक्के हिस्सा घेतला. पाच टक्क्यांचे वीस लाख, तर शंभर टक्क्यांचे चार कोटी. झाली किंमत! तिजोरीत आले वीसच लाख. बाकीचा आकडा म्हणजे एका माणसाने भविष्याबद्दल बांधलेला अंदाज. उद्या पुढचा गुंतवणूकदार निम्मा भाव सांगेल, तर किंमतही निम्मी. त्यामुळे ‘चार कोटींची कंपनी’ ऐकून भाचा कोट्यधीश झाला असं समजू नका, आणि तो थापा मारतोय असंही समजू नका.

तोट्याचे प्रकार दोन. सुरुवातीला इंजिनिअरांचे पगार आणि सर्व्हरचं भाडं आधी भरावं लागतं, गिऱ्हाईक मागून येतं. हा तोटा गिऱ्हाईक वाढेल तसा भरून निघतो. दुसऱ्या प्रकारात शंभराची वस्तू ऐंशीला विकून गर्दी जमवलेली असते. तिथे गिऱ्हाईक वाढेल तसा खड्डाही वाढतो. भाच्याचा तोटा कोणता, हे एका प्रश्नात कळेल : एका गिऱ्हाइकामागे येतात किती आणि जातात किती? त्याला उत्तर चटकन देता आलं नाही, तर त्याला रायदुर्गच्या टी-हबमध्ये पाठवा. २०१५ साली गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीच्या आवारात सुरू झालेलं टी-हब २०२२ पासून तिथल्या मोठ्या इमारतीत आहे. नवउद्योजकांना वाट दाखवण्यासाठीच ते उभारलेलं आहे, आणि तिथली माणसं मामांइतकी भिडस्त नसतात.

राहिले तुमचे पाच लाख. भाच्याच्याच भावाने ते सव्वा टक्का हिश्शाचे होतात. ते उसने आहेत की हिश्शापोटी, हे आधी कागदावर ठरवा. उसने असतील तर परतीची तारीख लिहून घ्या. हिश्शाचे असतील तर कंपनीने शेअर रीतसर तुमच्या नावावर करायला हवेत, आणि कंपनी बुडाली तर पैसे परत मागता येणार नाहीत. बहुतेक नव्या कंपन्या बुडतात, म्हणून गेले तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम द्या. बरकतपुऱ्याच्या भविष्य निधी कार्यालयातून मिळालेल्या पीएफला मात्र हात लावू नका, आणि भाच्याच्या कर्जाला जामीनही राहू नका.