पाचवे शील आणि डॉ. अनिता अवचट यांचे कार्य

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर येऊन गेले. त्या स्मृतीसाठी दर ३१ जुलैला धुळे-जळगाव भागातील उपासक-उपासिका तेथे जमतात. त्रिसरण-पंचशील होते. पाचवे शील म्हणताना एखाद्याचा आवाज खाली जातो आणि शेजारी उभा असलेल्याला ते कळते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला हा दारुडा, असे आपण मनात म्हणतो. पुढे विहाराच्या कामातून त्याला वगळले जाते. त्याच्या बायकामुलांचे काय चालले आहे, ते साऱ्या गल्लीला ठाऊक असते. त्याचे शील मोडले, हे खरे. पण मोडलेले शील पुन्हा धरावे कसे, याचा अभ्यास आपण कितीसा केला? हा अभ्यास एका डॉक्टरबाईंनी पुण्यात केला.

डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरीला होत्या. पती अनिल अवचट हेही शिक्षणाने डॉक्टर, परंतु ते लेखनाकडे वळले आणि घर चालले ते बाईंच्या पगारावर. (लेखकाचे नाव सर्वतोमुखी होते, पगार आणणारीचे मागे राहते; असो.) १९८० नंतर मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्दचे व्यसन पसरले. त्यावर अनिल अवचटांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. लेखणीने प्रश्न मांडला होता. रुग्ण सांभाळायचे काम डॉक्टरबाईंकडे आले.

त्यांच्या कामाचा पाया असा, की व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी हा रुग्ण आहे. ऐकायला हे सोपे वाटते. पण घरातली भांडी विकणाऱ्या माणसाला रुग्ण म्हणणे त्याच्या आईलाही जड जाते. गर्द बंद केली की अंग मोडून येते, नाक-डोळे गळतात, झोप नाहीशी होते. रुग्ण या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. तिच्या भीतीनेच माणूस पुन्हा पुडीकडे जातो. तेव्हा औषध द्यायचे, आणि शरीर ताळ्यावर आले की खरे काम सुरू करायचे. साधारण पाच आठवडे रुग्ण तेथेच राहतो. गटात बसून आपले खरे बोलतो, दुसऱ्याचे ऐकतो. पूर्वी स्वतः व्यसनी असलेले व बरे झालेले लोकच पुढे तेथे कार्यकर्ते झाले. जो त्या वाटेने गेला आहे, त्याला थाप मारता येत नाही. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या मुळाशीही हीच गोष्ट होती. मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींसाठीही 'सहचरी' हा गट झाला.

बाईंना पुढे कर्करोगाने गाठले. त्या आजारातही त्यांचे काम चालू राहिले. १९९७ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर संस्थेची धुरा त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी घेतली.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो अतिसाराने आपल्याच घाणीत पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले आणि मग संघाला जाब विचारला. आपल्या वस्तीतला दारुडाही असाच कोणाच्या उपयोगाचा नसलेला माणूस आहे.

येथे एक धोका सांगितला पाहिजे, कारण तो खानदेशात घरोघर ठाऊक नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला शपथ घालून खोलीत कोंडले, तर एक-दोन दिवसांत हात कापू लागतात, घाम सुटतो, फिट येऊ शकते. पुढे नसलेली माणसे दिसू लागतात. यात जीवही जातो. नातेवाईक 'अंगात आले' समजून भगताकडे नेतात आणि वेळ दवडतात. अशा रुग्णाला तडक डॉक्टरांकडे न्यावे. धुळे आणि जळगाव, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. शिरपूरकडील सातपुड्याच्या पायथ्याला पोलिसांना गांजाची शेते सापडत आली आहेत. तेव्हा प्रश्न दारूपुरताच राहिला आहे, असेही समजू नये.

उपचार घेऊन आलेला माणूस पुन्हा घसरू शकतो. घसरला म्हणजे ढोंगी ठरला असे नाही. दमा जसा उलटतो तसे हे उलटते. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, पोळ्याची संध्याकाळ हे त्याचे कठीण दिवस. वरातीत त्याच्या दोन्ही बाजूंना न पिणारे दोन सोबती चालले, तर तो दिवस निभतो. असे दोघे आपल्या वस्तीत कोण, हे या वर्षावासात विहारात विचारून पाहावे, आणि त्याच्या पत्नीला आधी विचारावे.