कोरमंगलातील घरांचे भाव आणि जमिनीचा हिस्सा

घराची किंमत वाढली असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय वाढलेले असते? विटा, सिमेंट व लोखंड यांनी रचलेली वास्तू दरवर्षी थोडी थोडी जुनी होत असते. तिचे छत गळू लागते, नळ गंजतात, विजेच्या तारा बदलाव्या लागतात. अशी झिजलेली वस्तू वीस वर्षांनी मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकली जावी, यात वरवर पाहता विसंगती आहे. घराच्या किमतीचे दोन भाग पाडले म्हणजे ती दूर होते. एक भाग वास्तूचा, दुसरा तिच्याखालच्या जमिनीचा. पहिला झिजतो, दुसरा, शहर वाढत असेल तर, वाढत जातो. एकाच वस्तीत निरनिराळ्या प्रकारच्या घरांचे भाव निरनिराळ्या गतीने का चढतात, याचा बराचसा उलगडा एवढ्यावरून होतो. बंगळूरच्या आग्नेय भागातील कोरमंगला हे उपनगर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे, कारण तेथे घरांचे बहुतेक सर्व प्रकार एकमेकांपासून पायी चालण्याच्या अंतरावर आढळतात.

१९४५ साली स्थापन झालेल्या नगर सुधार विश्वस्त मंडळाची जागा १९७६ साली बंगळूर विकास प्राधिकरणाने घेतली. कोरमंगलाची आखणी या सरकारी परंपरेतली आहे: आठ ब्लॉक, सरळ रस्ते, आणि ठरावीक मापांचे भूखंड. तेथील लोक भूखंडाला ‘साइट’ म्हणतात व तिची ओळख फुटांच्या मापाने सांगतात: ‘तीस-चाळीस’ म्हणजे १,२०० चौरस फूट, ‘चाळीस-साठ’ म्हणजे २,४०० आणि ‘पन्नास-ऐंशी’ म्हणजे ४,०००. घराला किती खोल्या आहेत हे त्यानंतर विचारले जाते. प्राधिकरण भूखंड देताना तो प्रथम भाडेपट्टा-नि-विक्री कराराने देत असे. ठरावीक मुदतीत घर बांधावे आणि दहा वर्षे तो दुसऱ्यास विकू नये, अशा अटी असत. जमिनीचा व्यापार होऊ नये, मध्यमवर्गीय कुटुंबास राहते घर मिळावे, हा त्यामागील हेतू होता. मुदत संपल्यावर मात्र भूखंड पूर्णतः मालकाचा झाला आणि त्यानंतरची सारी भाववाढही त्याचीच झाली.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चाळीस-साठच्या भूखंडावरील एकमजली घराची किंमत १०० मानली, तर त्यांतील ८० जमिनीचे व २० वास्तूचे आहेत असे धरू. शेजारच्या बहुमजली इमारतीतील सदनिकेचीही किंमत १०० माना. परंतु तिच्यात जमिनीचा वाटा ३० व वास्तूचा ७० आहे. पंधरा वर्षांत जमिनीचा भाव तिप्पट झाला. बांधकामाचा खर्च दुप्पट झाला, पण झिजेमुळे वास्तूचे मूल्य निम्म्यावर आले, म्हणजे ते होते तेथेच राहिले. पहिल्या घराची किंमत २४० अधिक २०, म्हणजे २६० होईल. सदनिकेची ९० अधिक ७०, म्हणजे १६०. रस्ता तोच, शेजार तोच, पाणीपुरवठाही तोच; तरी एकाची वाढ १६० टक्के आणि दुसऱ्याची ६० टक्के. घरमालकाला शिवाय आणखी एक मुभा असते: जुने घर पाडून, नियमांच्या मर्यादेत, तो अधिक मजले बांधू शकतो. सदनिकाधारकाला एकट्याने यांपैकी काहीच करता येत नाही.

मुंबई-पुण्याच्या वाचकास येथे एक फरक सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे इमारतीची जमीन बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून घ्यावयाची असते, आणि त्या अभिहस्तांतरणासाठी सभासद वर्षानुवर्षे खेटे घालतात. बंगळूरमध्ये खरेदीखतातच जमिनीचा अविभक्त हिस्सा अमुक इतके चौरस फूट, असा उल्लेख असतो. कर्नाटकाचा सदनिका-मालकीचा कायदा १९७२ चा आहे. हा आकडा खरेदीदार क्वचितच लक्ष देऊन वाचतो. वस्तुतः संपूर्ण दस्तात भविष्यकाळाविषयी काही सांगणारा तेवढाच आकडा असतो. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी कोरमंगलालगत उभारलेल्या आणि नंतर नागरिकांना विकलेल्या इमारतींसारख्या जुन्या वसाहतींत तो सामान्यतः आजच्या उंच मनोऱ्यांपेक्षा मोठा असतो. म्हणूनच जुन्या, रंग उडालेल्या सदनिकेला काही वेळा नव्या सदनिकेच्या तोडीचा भाव येतो.

जमिनीची मागणी कोठून आली, हे सर्वश्रुत आहे. संगणक-उद्योगातील कंपन्यांनी प्रथम येथील घरांतूनच कार्यालये थाटली. २००७ मध्ये फ्लिपकार्टचा आरंभही कोरमंगलातच झाला. दुकाने, उपाहारगृहे व भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि राहत्या घराखालची जमीन उत्पन्नाचे साधन बनली. २०२४ मध्ये तिसऱ्या ब्लॉकमधील सुमारे १०,००० चौरस फुटांची मिळकत ६७.५ कोटी रुपयांना विकली गेल्याचे वृत्तपत्रांत आले. म्हणजे चौरस फुटास ६७,५०० रुपये. अशा दरापुढे वरच्या वास्तूची किंमत नगण्यच ठरते. अर्थात सर्व जमीन सारखी नव्हे. चौथ्या ब्लॉकजवळील एस. टी. बेड या भागाचे नावच सांडपाणी-शुद्धीकरणाच्या जुन्या जागेवरून पडले आहे. तो सखल आहे, आणि ऑगस्ट २०१७ च्या पावसात तेथील घरांत पाणी शिरले होते.

या परिस्थितीत ‘कोरमंगलातील सरासरी भाव’ हा शब्दप्रयोग फसवा ठरतो. समजा, एका वर्षी ५ कोटींची दोन स्वतंत्र घरे व १ कोटीच्या आठ सदनिका विकल्या गेल्या, सरासरी १.८ कोटी. दुसऱ्या वर्षी त्याच भावाने चार घरे व सहा सदनिका विकल्या गेल्या, सरासरी २.६ कोटी. भाव एका रुपयानेही वाढला नाही, पण सरासरी ४४ टक्क्यांनी वाढली! हा दोष टाळण्यासाठी निर्देशांकात प्रत्येक प्रकारास ठरावीक भार द्यावा लागतो. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००७ मध्ये सुरू केलेला ‘रेसिडेक्स’ आणि रिझर्व्ह बँकेचा गृहमूल्य निर्देशांक ही असे प्रयत्न आहेत. परंतु ते संपूर्ण शहराविषयी बोलतात, उपनगराविषयी नव्हे. शिवाय नोंदणीतील आकडेही सर्व प्रकारांत सारखेच विश्वसनीय नसतात. सदनिका बहुधा बँकेच्या कर्जाने घेतली जाते, त्यामुळे तिची किंमत दस्तात बरीचशी खरी उतरते. जुन्या घरांच्या व भूखंडांच्या व्यवहारांत रोखीचा भाग दस्ताबाहेर ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. कागदावर जेवढी दिसते त्याहून जमिनीची वाढ अधिक असण्याचा संभव आहे.

घराचा आणखी एक प्रकार या उपनगराच्या कडेला होता. एजिपुरा येथे सुमारे पंधरा एकरांवर महापालिकेने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी सुमारे दीड हजार घरे बांधली होती. बांधकाम निकृष्ट होते. दोन दशकेही उलटली नाहीत तोच काही इमारती कोसळल्या व उरलेल्या पाडाव्या लागल्या. रहिवासी त्याच जागी पत्र्याच्या खोपटांत राहिले. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनाही हलविण्यात आले. खासगी विकासकाशी झालेल्या करारानुसार जागेचा एक भाग नव्या घरांसाठी आणि सुमारे निम्मा व्यापारी संकुलासाठी ठरला होता. मूळ लाभधारकांना नव्या घरांचे आश्वासन होते. तेथे भाड्याने राहणाऱ्यांना तेही नव्हते. आपल्या परिभाषेत मांडायचे तर, या कुटुंबांच्या हाती वास्तूचा भाग होता, जमिनीचा नव्हता. वास्तू पडली त्या वेळी भोवतालच्या जमिनीचा भाव चढतच होता.