नर्सिंगचा फॉर्म भरण्याआधी

बारावीचं वर्ष लागलं की आपल्या घरांमध्ये एक उतरंड ठरूनच जाते. नीटमध्ये नंबर लागला तर एमबीबीएस, नाही तर बीएएमएस, तेही नाही तर फिजिओ, आणि अगदीच काही जमलं नाही तर नर्सिंग. हे आपण नणंदेशी फोनवर बोलतो, भाजी निवडता निवडता बोलतो. मुलगी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली असते. तिला सगळं ऐकू जातं.

आपला हेतू वाईट नसतो. दिवसभर राबून घरी आलेलो असतो, क्लासचा हप्ता भरायचा असतो, शेजारच्या मुलाचे मार्क कानावर आलेले असतात. पण जिला मनापासून नर्सिंगच करायचं आहे, तिला यातून एवढंच कळतं की आपल्या आवडीची गोष्ट घरच्यांच्या लेखी सगळ्यात खाली आहे. मग ती बोलायचंच टाळते. आणि जी नाइलाजाने तिकडे वळते, ती हरल्याची भावना घेऊनच कॉलेजात पाऊल टाकते. मला दोघींचंही वाईट वाटतं.

माझी लेक सध्या बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या प्रवेशाच्या धावपळीत जे कळत गेलं, ते तुमच्याशी बोलावंसं वाटतं.

पहिलं म्हणजे, हा प्रवेश सहज मिळणारा नाही. राज्याची सीईटी आहे, 100 गुणांची, दीड तासाची. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकाला 20 गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नको, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. सरकारी कॉलेजची फी आपल्याला झेपते, पण तिथल्या जागा मोजक्या आणि त्यांवर डोळा सगळ्यांचाच.

मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीच्या 20 गुणांना घाबरतात. त्यांना व्याकरणाचं आणखी एक जाड पुस्तक आणून देण्यापेक्षा रोज इंग्रजी पेपरातली एखादी बातमी मोठ्याने वाचायला लावा, आणि तुम्ही शेजारी बसून ऐका. आपलं इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं. पुढची चार वर्षं पुस्तकं इंग्रजीतच आहेत, त्यामुळे हे वाचन वाया जात नाही.

नर्सिंगच्या कलाच्या प्रश्नांची तयारी तर जेवताना गप्पा मारता मारतासुद्धा होते. दोन पेशंटनी एकदमच हाक मारली तर आधी कोणाकडे जाशील? आजोबा औषध घ्यायलाच तयार नसतील तर काय करशील? एवढं विचारावं आणि गप्प बसावं. उत्तर लगेच सुधारायला जाऊ नये, हे मात्र आपल्याला फार जड जातं. आपलं मूल माणसांकडे कसं बघतं, ते या गप्पांमधून समजतं.

मुलीला सैन्यदलाची ओढ असेल तर तो रस्ता निराळा. पुण्याचं एएफएमसी, मुंबईचं आयएनएचएस अश्विनी आणि देशातली सैन्यदलाची आणखी चार नर्सिंग कॉलेजं मिळून साधारण 220 जागा असतात, त्या फक्त मुलींसाठी. तिथे नीटचे गुण लागतात, पुढे आणखी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. म्हणून नर्सिंग करायचंय तर नीट कशाला, असं म्हणून फॉर्म सोडू नका.

आता कागदपत्रं. हे काम पूर्णपणे आपलं, मुलांच्या डोक्यावर ते टाकू नये. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आणि राखीव जागेवर अर्ज असेल तर जात वैधता प्रमाणपत्र. यातल्या शेवटच्यासाठी आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत मागे जावं लागतं, आणि समितीकडून ते हातात पडायला महिने जातात. अकरावीतच अर्ज टाकलेला बरा. नावाचं स्पेलिंग आधार कार्डावर एक आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरं असेल, तर तेही आत्ताच दुरुस्त करून घ्या. ऐन प्रवेशफेरीत सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहून आपण चिडतो आणि राग निघतो लेकरावर.

कॉलेज निवडताना फ्लेक्सवर जाऊ नका. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांच्या मान्यताप्राप्त कॉलेजांच्या यादीत नाव आहे का, कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे स्वतः बघा. मग विचारा, मुलांना प्रत्यक्ष कामासाठी कुठल्या हॉस्पिटलमध्ये पाठवता? तिथे किती खाटा आहेत? रुग्ण भरलेले असतात का? रिकाम्या वॉर्डात नर्सिंग शिकता येत नाही. ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात मूळ कागद तर मुळीच देऊ नका.

सगळ्यात कमी बोललं जातं ते कामाबद्दल. रक्त, उलटी, बेडपॅन, न भरणारी जखम, आणि कधी डोळ्यांसमोर गेलेलं माणूस. आपण हा विषय टाळतो, कारण मूल घाबरेल असं वाटतं. खरं तर आपल्यालाच भीती वाटत असते.

पहिल्या सेमिस्टरला माझ्या लेकीने घरी सराव केला तो आजीच्या पलंगावर. पेशंट झोपलेला असताना चादर बदलायची. आजीला हलकेच कुशीवर वळवायचं, मळकी चादर तिच्या पाठीशी लांबीने गुंडाळत आणायची, मोकळ्या बाजूला धुतलेली चादर अंथरून कोपरा गादीखाली तिरका खोचायचा, मग आजीला गुंडाळीवरून अलगद या बाजूला घ्यायचं आणि मळकी चादर पलीकडून ओढून काढायची. दर वेळी हात लावायच्या आधी ती सांगायची, “आजी, आता तुला वळवते हं.” आजी पहिल्यांदा अवघडून गेल्या, नंतर स्वतःच वळायला लागल्या. या कामाला केवढी बुद्धी लागते आणि केवढी माया, हे मला त्या पलंगाशेजारी उभं राहून कळलं. असं काही तुमच्या मुलाला आधीच बघायला मिळालं तर फार चांगलं. ओळखीतल्या एखाद्या सिस्टरशी किंवा ब्रदरशी अर्धा तास बोलू द्या. हो, ब्रदरशीसुद्धा. मुलगा नर्सिंग म्हणाला की आपले चेहरे पडतात. त्याला ते दिसतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या घरीही हेच झालं होतं. खानदानी मुलीने हॉस्पिटलात काम करायचं, हे तिच्या आईला आणि बहिणीला सहनच होईना. वडिलांनी अखेर 1853 मध्ये तिला वर्षाला 500 पौंड लावून दिले आणि ती स्वतंत्रपणे काम करू लागली. पुढचं जगाला माहीत आहे. मला मात्र त्या वडिलांचं मन वळायला लागलेली वर्षं आठवतात.

रात्रपाळीची भीती मी खोटी म्हणणार नाही. आपल्या पिढीच्या मनात नर्स अरुणा शानबाग आहेत. 1973 मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये, ड्यूटी संपवून कपडे बदलत असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्याच केईएमच्या नर्सेसनी पुढे 2015 पर्यंत, तब्बल 42 वर्षं त्यांना जपलं. म्हणून भीतीपोटी मुलीला अडवण्याऐवजी कॉलेजला प्रश्न विचारावेत. कपडे बदलायची खोली कुठे आहे, तिला आतून कडी आहे का? रात्री हॉस्टेलवर कोण सोडतं? अंतर्गत तक्रार समितीत कोण कोण आहे? हे विचारणारे आईबाप कटकटे वाटले तर वाटू द्या.

आणि बी.एस्सी.ला नंबर लागला नाही तर? तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा आहे. त्यानंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बी.एस्सी.ची पदवी घेता येते. एक जीएनएम झालेली, दुसरी बी.एस्सी., वॉर्डात पेशंटला दोघींचे हात सारखेच लागतात. फक्त हा रस्ता मुलांना निकालाच्या आधी, एखाद्या साध्या संध्याकाळी सांगून ठेवा. निकालाच्या दिवशी सांगितलात तर ते सांत्वन वाटतं, आणि त्या दिवशी त्यांना ते नको असतं. त्या दिवशी त्यांना जेवायला वाढा, रडू द्या, आणि नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या.